सुरतेचं रिव्हॉल्वर आणि माळ्यावरची बंदूक

«सप्रेम नमस्कार. मी मूळचा शिंदखेडा तालुक्यातला. सत्तावीस वर्षं सुरतेला कापड बाजारात दलालीचं काम केलं. वसुलीची रोकड घेऊन फिरावं लागायचं म्हणून तिथे .३२ बोरच्या रिव्हॉल्वरचा परवाना काढला. तो अजून दीड वर्ष चालू आहे. त्यावर हद्द 'गुजरात राज्य' अशी लिहिलेली आहे. आता धंदा थोरल्या मुलाकडे सोपवून आम्ही दोघं कायमचे गावी येतोय. पुढच्या महिन्यात घरसामानाचा टेम्पो निघेल. महाराष्ट्रात नवा परवाना काढावा लागतो का? रिव्हॉल्वर सामानाबरोबर आणून इथे आल्यावर कागद केले तर चालेल का? की तोवर मुलाकडे सुरतेलाच ठेवू? आणखी एक. गावच्या घरी, जिथे धाकटा भाऊ राहतो, तिथे माळ्यावर वडिलांची जुनी ठासणीची बंदूक आहे. वडील मागच्या वर्षी गेले. ती तशीच आहे, कोणी हात लावलेला नाही. तिचंही याच अर्जात होऊन जाईल ना?»

भाऊ, नमस्कार.

तुम्ही रिव्हॉल्वरबद्दल तीन प्रश्न विचारले आणि जाता जाता बंदुकीचा एक. मी शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण रिव्हॉल्वरला वेळ आहे आणि माळ्यावरच्या बंदुकीला नाही. तुमचं पत्र वाचून मला त्या एका ओळीचीच काळजी लागून राहिली.

परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. वडील गेले तेव्हाच ती बंदूक घरात ठेवायचा हक्क संपला. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ मध्ये हे स्वच्छ लिहिलेलं आहे, की कोणत्याही कारणाने हत्यार बाळगणं कायदेशीर राहिलं नाही, तर ते ज्याच्या ताब्यात आहे त्याने विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. 'कोणी हात लावलेला नाही' असं तुम्ही लिहिलंत. मनात खोट नाही हे त्यातून दिसतं, पण ताबा ठरतो तो घरात कोण राहतं आणि किल्ली कोणाकडे आहे यावरून. म्हणजे हे ओझं आज तुमच्या धाकट्या भावाच्या डोक्यावर आहे, आणि बहुतेक त्याला त्याची कल्पनाही नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा किमान दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद, शिवाय दंड अशी आहे. कोणाशी बांधावरून वाद झाला आणि त्याने ठाण्यात जाऊन एक ओळ सांगितली, तर भाऊ अडकतो.

कायद्याइतकीच मला दुसऱ्या गोष्टीची धास्ती आहे. ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसतं, हे तुम्ही लहानपणी पाहिलं असेल. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंध्यांचा बोळा, मग छर्रे आणि वरून पुन्हा बोळा, असं गजाने ठासत न्यायचं. एकदा ठासलेला बार काढणं कटकटीचं काम. म्हणून रानातून परत आलेला माणूस निपलावरची टोपी (घोडा आपटला की ठिणगी पाडणारी छोटी कॅप) काढून खिशात टाकायचा आणि बंदूक तशीच, भरलेली, खुंटीला लावायचा. वर्षानुवर्षं ती तशीच राहायची. बाहेरून बघून भरलेली की रिकामी ते कळत नाही. जुनी दारू निकामी झाली असेल असं गृहीत धरू नका. आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. लेकीबाळी माहेरी येतात, झोका बांधायचा असतो, आणि झोक्याचा दोर आपल्याकडे बहुतेक घरांत माळ्यावरच असतो. तो काढायला कोण चढतं? घरातलं सगळ्यात चपळ पोर.

त्यामुळे हे पत्र वाचून झालं की आधी भावाला फोन करा. माळ्यावर कोणी जायचं नाही, बंदूक खाली काढायची नाही, पुसायची नाही, गज घालून बघायचं नाही, घोडा ओढून बघायचा नाही. शिडी काढून ठेवा म्हणावं. गावातला कोणी जाणता 'आण, मी बघतो' म्हणाला तरी त्याला वर चढू देऊ नका.

मग तालुक्यातल्या एखाद्या फौजदारी वकिलाला भेटा. वर्ष उलटून गेलं आहे, म्हणून हे सांगतोय. स्वतःहून जमा करायला गेलेला माणूस आणि झडतीत सापडलेला माणूस यांच्यात मोठा फरक पडतो, पण उशीर हा उशीरच असतो आणि तो कागदावर कसा मांडायचा हे वकिलाने बघावं. अर्ज गावाच्या हद्दीतल्या पोलिस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या नावे करा. वडिलांचं नाव, त्यांचा परवाना क्रमांक, मृत्यूची तारीख, बंदुकीचं वर्णन, आणि हत्यार जमा करून घ्यावं ही विनंती. सोबत मृत्यूचा दाखला आणि वडिलांचा मूळ परवाना. परवाना सापडत नसेल तर तसंच लिहा. तारीख मागेपुढे करू नका, 'कालच सापडली' असं तर अजिबात लिहू नका. मृत्यूचा दाखला समोर असताना ती खोटी ओळच तुमच्या अंगावर येईल. पोलिस घरी येऊन पंचांसमक्ष ताब्यात घेणार, की तुम्ही आणून द्यायची, हे आधी ठाण्यात विचारा आणि 'ती भरलेली असू शकते' हे त्यांना आवर्जून सांगा. मोटारसायकलवर पोत्यात गुंडाळून नेऊ नका. जमा झाल्याची पावती घ्या. तिच्यावर बंदुकीचं वर्णन आहे का ते तिथेच उभं राहून वाचा.

कोणी तुम्हाला असाही सल्ला देईल, की कशाला भानगड, रात्री तापीत टाकून द्या. तो सल्ला ऐकू नका. वडिलांच्या नावावरची ती बंदूक सरकारी दप्तरात नोंदलेली आहे. उद्या तिची चौकशी निघाली तर 'कुठे आहे' याला तुमच्याकडे उत्तर हवं, आणि ते उत्तर पावतीच असू शकतं.

जमा केली म्हणजे गेली, असं नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे वारसाला त्या हत्यारासाठी स्वतःच्या नावे परवाना मागता येतो. (वाचकांपैकी ज्यांचे वडील हयात आहेत त्यांच्यासाठी: परवानाधारकाचं वय सत्तर झालं, किंवा हत्यार बाळगून पंचवीस वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो आपल्या हयातीतच वारस नेमून हत्यार त्याच्याकडे द्यायला अर्ज करू शकतो. हे वेळेत केलं तर मागे राहिलेल्यांची अशी धावपळ होत नाही.) तुमच्या बाबतीत सगळ्या वारसांची संमती लागेल, बहिणींचीसुद्धा. बहिणींची सही गृहीत धरू नका, त्यांना नीट समजावून सांगून घ्या.

पण परवाना तुम्ही घ्यायचा की भावाने, याचा विचार करा. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. तुमच्याकडे रिव्हॉल्वर आहेच, बंदूक आली की दोन भरली. शेती भाऊ करतो. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना ही कायद्यानेच वेगळी धरलेली बाब आहे, आणि ते कारण तुमच्यापेक्षा त्याच्या अर्जात जास्त खरं ठरेल. त्यालाही एक गोष्ट मात्र सांगून ठेवा. पीकरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. रानडुक्कर असो की रोही (नीलगाय), वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू होतो आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी घालता येत नाही. आणि दोघांपैकी कोणालाच ती वापरायची नसेल, तर सरळ परवानाधारकाला किंवा विक्रेत्याला रीतसर विका, नाहीतर सरकारजमा करा. आठवण म्हणून ठेवायची असेल तर वडिलांचा फोटो भिंतीवर आहेच की.

आता रिव्हॉल्वर.

नवा परवाना काढावा लागत नाही. परवाना तोच राहतो. त्यावर नव्या पत्त्याची नोंद होते आणि तुमचा परवाना प्राधिकारी बदलतो. आज तुमची फाईल सुरत शहर पोलिस आयुक्तांच्या कार्यालयात आहे. धुळे जिल्ह्यात पोलिस आयुक्तालय नाही, म्हणून इथे जिल्हाधिकारी हेच जिल्हादंडाधिकारी म्हणून परवाना प्राधिकारी आहेत आणि हे काम त्यांच्या कार्यालयातली गृह शाखा बघते. नोंद झाली की पुढचं नूतनीकरण, काडतुसांची नोंद, सगळं धुळ्यालाच. सुरतेला पुन्हा जायची गरज नाही. (आमचे जे वाचक नाशिक किंवा पुणे शहरात राहायला जातायत त्यांनी तिथल्या पोलिस आयुक्तालयात जायचं, जिल्हाधिकाऱ्यांकडे नाही. याच चुकीपायी लोकांचे हेलपाटे होतात.)

नियम असा, की कायमचा मुक्काम बदलल्यावर तीस दिवसांच्या आत दोन्हीकडे कळवायचं: जिथून आलो तिथे आणि जिथे आलो तिथे. नवं कार्यालय मागेल तेव्हा परवाना आणि हत्यार दोन्ही समोर ठेवायची. लोक यातली दुसरी बाजू करतात आणि पहिली विसरतात. धुळ्याला अर्ज दिला, झालं, असं त्यांना वाटतं. मग धुळ्याहून खातरजमेचं पत्र सुरतेला जातं, तिथे तुमच्या जाण्याची नोंदच नसते, आणि फाईल दोन कार्यालयांच्या मधे अडकून पडते.

पण तुमच्या बाबतीत तीस दिवसांच्याही आधीचा एक मुद्दा आहे, आणि टेम्पोचा प्रश्न तिथेच सुटतो. तुमच्या परवान्यावर हद्द 'गुजरात राज्य' आहे. सोनगड सोडून नवापूरच्या हद्दीत टेम्पो शिरला की त्या परवान्याची हद्द संपली. तुम्ही कायमचे गावी येताय, हेतू स्वच्छ आहे, कागद करणारच आहात, हे सगळं खरं. पण नाकाबंदीतला हवालदार परवान्यावर काय लिहिलंय तेच वाचणार. नुसता अटीचा भंग धरला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि परवाना रद्द होण्याची टांगती तलवार वेगळीच. विनापरवाना धरलं तर वर सांगितलेली दोन ते पाच वर्षं. त्यातून रिव्हॉल्वर सामानात, सामान टेम्पोत आणि तुम्ही मागून रेल्वेने दोंडाईच्याला, असं झालं तर ते हत्यार टेम्पोवाल्याच्या ताब्यात सापडतं. त्या बिचाऱ्याला तर पेटीत काय आहे तेही ठाऊक नसतं. त्याच्या लेकराबाळांचा विचार करा.

म्हणून टेम्पोत नाही. आणि मुलाकडेही नाही. मुलगा तुमचा असला तरी परवाना तुमचा आहे. परवाना नसलेल्या माणसाला दुसऱ्याचं हत्यार फक्त मोजक्या कारणांसाठी जवळ बाळगता येतं: दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला न्यायचं असेल, किंवा खुद्द परवानाधारकाच्या वापरासाठी न्यायचं असेल तर, आणि तेही परवानाधारकासमक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर. 'तोवर कपाटात राहू दे' हे त्यात बसत नाही. तुम्ही गावी, रिव्हॉल्वर मुलाच्या फ्लॅटमध्ये, म्हणजे माळ्यावरच्या बंदुकीचीच दुसरी आवृत्ती झाली. एकाच घरात दोन भानगडी कशाला?

करायचं असं. आत्ता, सुरतेत असतानाच, तिथल्या परवाना शाखेत लेखी अर्ज द्या. त्यात तीन गोष्टी मागा. तुमच्या जाण्याची नोंद आणि ना-हरकत, हद्दीत महाराष्ट्राचा समावेश, आणि तो व्हायला वेळ लागणार असेल तर रिव्हॉल्वर धुळे जिल्ह्यापर्यंत नेण्यासाठी प्रवासाचा तात्पुरता परवाना. यातला एक कागद हातात आल्याशिवाय हत्यार हलवू नका. टेम्पोची तारीख आधी आली आणि कागद नंतर, तर निघण्यापूर्वी रिव्हॉल्वर आणि काडतुसं सुरतेतल्याच परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. सामान येऊ द्या, तुम्ही या, तुळशीपाशी दिवा लावा. मग कागद झाला की एक दिवस जाऊन ते स्वतः घेऊन या. पैसे जास्त जातील, एक चक्कर वाढेल, पण झोप नीट लागेल.

आणताना रिव्हॉल्वर रिकामं, बंद पेटीत, काडतुसं वेगळी, आणि मूळ परवाना व प्रवासाचा कागद अंगावरच्या खिशात. बॅगेत नाही. काडतुसं मोजा. परवान्यावर लिहिलेली आणि प्रत्यक्ष हातातली यांचा मेळ बसत नसेल तर तो खुलासा सुरतेतच करून या, कारण धुळ्याला पहिला प्रश्न तोच येईल.

अर्ज हल्ली एनडीएएल-एलिस या केंद्राच्या शस्त्रपरवान्यांच्या पोर्टलवर भरतात. मुलाला भरायला सांगा. तिथे युआयएन, म्हणजे परवानाधारकाचा ओळख क्रमांक, लागेल. हा आकडा माणसाला दिलेला असतो, गाव बदललं तरी बदलत नाही. सगळ्या परवानाधारकांना तो घ्यायला २९ जून २०२० पर्यंतची मुदत होती आणि त्यानंतर युआयएन नसलेला परवाना बाद धरतात. तुमचं नूतनीकरण त्यानंतरचं दिसतंय, त्यामुळे तुमच्याकडे असेलच, तरी एकदा परवान्यावर बोट ठेवून बघा. नाव, जन्मतारीख, रिव्हॉल्वरवर कोरलेला नंबर आणि परवान्यावरचा नंबर हेही जुळवून घ्या. एका अंकाचा फरक असला तरी तो आत्ताच दुरुस्त करून घ्या.

पोर्टलवर भरलं तरी छापील प्रत घेऊन कार्यालयात जायचंच. धुळ्याच्या अर्जात फार लिहायची गरज नाही. एवढं पुरतं: 'मी अमुक, परवाना क्रमांक अमुक, युआयएन अमुक, सुरत येथील वास्तव्य संपवून दिनांक अमुकपासून मौजे अमुक, ता. शिंदखेडा, जि. धुळे येथे कायम वास्तव्यास आलो आहे. माझ्या नवीन पत्त्याची व हद्दीची परवान्यावर नोंद व्हावी. शस्त्र सध्या अमुक ठिकाणी आहे.' ती शेवटची ओळ लोक गाळतात. गाळू नका. अर्ज वाचणाऱ्याच्या मनात पहिली शंका तीच असते. सोबत मूळ परवाना व छायाप्रती, खरेदीचं बिल, सुरतेचा ना-हरकत कागद किंवा निदान तिथल्या अर्जाची पोच, फोटो आणि गावच्या पत्त्याचा पुरावा. पत्त्यासाठी आधार आधी बदलून घ्या. सातबारा, वीजबिल, रेशनकार्ड यांतलं जे तुमच्या नावावर असेल तेही जोडा.

आणि पोच घ्या. हे मी पुन्हा पुन्हा का सांगतो ते सांगतो.

नोकरीत असताना मी काही वर्षं परवान्यांच्या टेबलावर काढली. कुठल्या जिल्ह्यात ते राहू द्या. एक दिवस एक आजोबा आले. उन्हाळा होता. काखेत गोधडीची लांबोडकी वळकटी. टेबलावर ठेवली आणि सोडली, तर आत दुनळी बंदूक. ती वळकटी घेऊन ते एसटीने चाळीस-पन्नास किलोमीटर आले होते. मध्य प्रदेशात एका गोदामावर रखवालदार होते, नोकरी सुटल्यावर बंदुकीसह गावी आले. प्लॅस्टिकच्या पिशवीतून परवाना काढला, घड्यांवर फाटलेला, कडेला हळदीचे डाग. मी तारीख बघितली. मुदत संपून दोन वर्षं झालेली. ते म्हणाले, 'साहेब, कागद हाऊ शे. मी तवयच उनतू आठे. नोंद कठे करतस ते माले कोनी सांगंच नई.' म्हणजे गावी आल्या आल्या ते याच कार्यालयात येऊन गेले होते. खिडकीवर कोणीतरी 'नंतर या' म्हटलं, आणि ते परत गेले. मी त्या काळातलं आवक रजिस्टर काढून पानं उलटली. त्यांच्या नावाची ओळ नव्हती, कारण त्यांनी तोंडी विचारलं होतं, कागद दिलाच नव्हता. खिडकीवरच्या माणसाने त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घेऊन शिक्का मारला असता, तर ते वेळेत आल्याचा पुरावा राहिला असता. बंदूक त्याच दिवशी जमा झाली. जिनिंगवर रखवालदारीचं त्यांचं बोलणं झालेलं होतं, ते बंदुकीवाचून फिसकटलं. संध्याकाळच्या गाडीला जाताना ती रिकामी गोधडी त्यांनी नीट घडी घालून काखेत घेतली. तो माणूस खोटं बोलत नव्हता याची मला आजही खात्री आहे, पण माझ्या हातात काही नव्हतं.

तेव्हा अर्जाची दुसरी प्रत सोबत न्या, तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. साहेब नाहीत म्हणाले तर टपाल टेबलावर द्या. तिथेही घेतलं नाही तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. सुरतेलाही असंच. तीस दिवस तुम्ही पाळले हे दाखवायला याशिवाय दुसरं काही नसतं.

अर्ज गेला की दोन गोष्टी समांतर चालतात. धुळ्याहून सुरतेला खातरजमा विचारली जाते, आणि इकडे पोलिस अधीक्षकांमार्फत तुमच्या गावच्या ठाण्याकडून अहवाल मागवला जातो. घरी जमादार येईल. पोलिस पाटलाला विचारेल, शेजाऱ्यांचे जबाब घेईल. सत्तावीस वर्षं तुम्ही गावाबाहेर होता, निम्म्या तरुण पोरांना तुम्ही ठाऊक नाही. मनाला लावून घेऊ नका. आल्या आल्या पोलिस पाटलांना भेटून 'आता इथेच राहणार' असं सांगून ठेवा. हा साधा शिष्टाचार आहे आणि तोच पुढे कामाला येतो. आणि इथेच तुम्हाला कळेल, की माळ्यावरच्या बंदुकीचं आधी मिटवायला मी का सांगितलं. त्याच घराच्या पत्त्यावर चौकशी होणार आहे. 'घरात दुसरं हत्यार आहे का?' हा प्रश्न येणारच. तेव्हा जमा केल्याची पावती तुम्हाला दाखवता आली पाहिजे. दोन्ही अर्ज मात्र वेगळेच. एकात दुसरं मिसळू नका.

दुसरा प्रश्न येईल, की आता कशाला हवंय रिव्हॉल्वर? परवाना दिला तेव्हा कारण वसुलीच्या रोकडीचं होतं. ते कारण आता मुलाकडे गेलं, आणि मुलाला हवं असेल तर तो सुरतेला स्वतःच्या नावे अर्ज करेल. गावी तुम्हाला काय धोका आहे, हे प्रामाणिकपणे लिहा. शेतातलं एकटं घर, रात्री मोटार चालू करायला जावं लागतं, पूर्वी चोरी झाली असेल तर त्याची फिर्याद. खरं असेल तेवढंच. मला विचाराल, तर मी परवाना नक्की ठेवा असंही म्हणणार नाही. तुम्ही साठीच्या पुढे असाल, घरात नातवंडं येणार-जाणार. दोंडाईच्याच्या बाजारात मिरचीचे पैसे आता बँकेत येतात. ठेवायचंच असेल तर भिंतीत बसवलेली लोखंडी पेटी, किल्ली तुमच्या करगोट्याला, काडतुसं दुसऱ्या कपाटात. गादीखाली नाही, धान्याच्या कोठीत नाही. ठेवायचं नसेल, तर सगळ्यात सोपं म्हणजे सुरतेलाच परवानाधारक विक्रेत्याला विका, परवाना परत करा आणि मोकळ्या हाताने गावी या. यात काही कमीपणा नाही.

नोंद नाकारली गेली तर कारणं लेखी मागा. ती मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. त्या आदेशावर तीस दिवसांत अपील करता येतं. इथेही वकील लावा. आणि अपील चालू असेपर्यंत हत्यार जमाच राहू द्या.

नूतनीकरणाला दीड वर्ष आहे म्हणून निवांत राहू नका. पत्त्याच्या नोंदीला किती महिने लागतील ते तुमच्या हातात नाही, आणि मुदत संपायच्या निदान दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज गेलेला बरा. तेव्हा वैद्यकीय दाखलाही लागेल. २०१९ नंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आहे, पण ती पाच वर्षं नूतनीकरणाच्या तारखेपासून मोजली जातात, गावी आल्याच्या तारखेपासून नव्हे.

जाता जाता, सैन्यातून निवृत्त होऊन अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या बाजूला आलेल्या जवानांसाठी दोन ओळी, कारण त्यांचीही अशीच पत्रं माझ्याकडे आहेत. नोकरीत असताना जम्मू-काश्मीरमधून काढलेला परवाना असेल तर नोंदीला वेळ लागेल हे धरूनच चला. तिथे २०१२ ते २०१६ या काळात दिलेल्या परवान्यांची सीबीआय चौकशी झाली. आकडा अडीच लाखांच्या वर होता. त्यामुळे तिथून उलट उत्तर आल्याशिवाय इथलं कार्यालय पुढे सरकत नाही. तुमचा परवाना अस्सल असला तरी वाट बघावी लागते. नेमणुकीचे आदेश, युनिटचा दाखला, डिस्चार्ज बुक, त्या काळात तुम्ही खरोखर तिथे होतात हे दाखवणारा प्रत्येक कागद जोडा. आणि नोंद होईपर्यंत ती बंदूक घेऊन बँकेची किंवा एटीएमच्या गाडीची रखवालदारी धरू नका, एजन्सीवाला कितीही 'काही होत नाही' म्हणाला तरी.

भाऊ, आज भावाला फोन करा आणि उद्या वकिलाची वेळ घ्या. जमा केल्याची पावती मिळाली की मला पुन्हा लिहा. बहिणींच्या संमतीच्या प्रतिज्ञापत्रात काय काय यायला हवं ते तेव्हा सविस्तर सांगतो. आखाजीला त्या सगळ्या घरी येतीलच, सह्या त्याच वेळी होतील.